छताच्या काचांसाठी पारदर्शक शीट

लंडनच्या पॅडिंग्टन रेल्वे स्टेशनच्या मॉडेलच्या छतासाठी पारदर्शक शीट कुठे मिळेल, असं विचारलंय. हॉबी शॉपआधी कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठा. स्पायरल बाइंडिंगचं पारदर्शक कव्हर मागा. ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) शीट फार लेचीपेची, दोन आधारांमधल्या लांब गाळ्यात झोळ पडतो. मात्र स्टेशनचा इंजिनिअर ब्रुनेल, त्याचं मधलं छत 102 फूट रुंद, म्हणजे 1:76 प्रमाणात सुमारे 41 सेंमी. कमानीची लांबी त्याहून जास्त, त्यामुळे ए3सुद्धा पुरणार नाही. जोड माथ्यावरच्या पट्टीखाली लपवा.

आणि फेविक्विक अजिबात नको! त्याच्या वाफेने शीटवर पांढरा धुरकटपणा येतो, माझं एक अख्खं छत त्यात गेलं. (वाफेच्या इंजिनांचं स्टेशन म्हणून खपवलं, तो भाग वेगळा.) साधा फेविकॉल टूथपिकने लावा, वाळल्यावर दिसतही नाही.