फिट येणाऱ्या रुग्णाला धोके सांगणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे का?

शिरोलीकर यांचा प्रश्न

माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत पाळीने काम करतो. गेल्या वर्षी त्याला दोनदा फिट आली, तेव्हा एका डॉक्टरांनी एमआरआय आणि ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) करून गोळ्या सुरू केल्या. चिठ्ठीवर औषधाचे नाव, '१-०-१' आणि 'तीन महिन्यांनी दाखवणे' एवढेच लिहिलेले आहे. रात्रपाळीचे जागरण, दुचाकी, भट्टीजवळचे काम, विहिरीतले पोहणे, यांपैकी कशाविषयीही कोणी चकार शब्द काढला नाही. नवरात्रात अंबाबाईचा कडक उपवास म्हणून त्याने सकाळची गोळी सोडली आणि अष्टमीला त्याला पुन्हा फिट आली. अपस्मारात, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजारात, क्वचित झोपेत अचानक मृत्यूही ओढवतो, हे मला त्यानंतर वाचनातून कळले. हे आम्हाला आधी सांगायला हवे होते, असा कायदा आहे का? कोणाला कोर्टात खेचण्याची माझी इच्छा नाही. पुढच्या भेटीत आम्ही काय हक्काने विचारू शकतो, एवढेच समजून घ्यायचे आहे.

एक वकील, शाहूपुरी

अपस्माराचे नाव घेऊन डॉक्टरांवर असे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मात्र माहिती देण्याचे सर्वसाधारण कर्तव्य निश्चितच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेतील कलम 2.3 नुसार डॉक्टरांनी आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, तसेच रुग्णाला व नातेवाइकांना त्यांच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती आहे याची खात्री करावी. त्याच आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात, तेव्हा ती आपण अवश्य मागून घ्यावीत.

खरी अडचण पुढे आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि लक्षणीय धोके सांगणे आवश्यक मानले, परंतु रुग्ण घाबरून आवश्यक उपचारच नाकारेल असे दूरचे धोके सांगण्याची गरज नाही, असेही म्हटले. तो खटला शस्त्रक्रियेच्या संमतीचा होता. झोपेतला मृत्यू हा 'दूरचा' धोका आहे, असा बचाव उद्या कोणी केला तर काय, हा प्रश्न त्यातून उरतोच. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या माँटगोमेरी प्रकरणात कसोटीच बदलली: त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितलाच पाहिजे. माझ्या मते आपल्याकडेही हीच कसोटी यायला हवी, कारण गोळी चुकवायची की नाही हे रोज ठरवणारा माणूस रुग्णच असतो.

वाहन परवान्याबाबत कायदा स्पष्ट आहे. अर्जासोबतच्या नमुना 1 मध्ये अपस्मार आहे का, हे अर्जदाराला स्वतः लिहून द्यावे लागते. ज्याला आपल्या आजाराचे नावच सांगितलेले नाही, तो तिथे प्रामाणिकपणे 'नाही' असेच लिहिणार.

एक मेंदूविकारतज्ज्ञ, राजारामपुरी

वकीलसाहेबांच्या मुद्द्यात आकड्यांची भर घालतो. झोपेतल्या किंवा अचानक मृत्यूचा धोका प्रौढांमध्ये वर्षाला सुमारे 1000 रुग्णांत एक, तर लहान मुलांमध्ये 4500 मध्ये एक असतो. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा सर्वांगाला झटके येणाऱ्या रुग्णांत तो कित्येक पटींनी वाढतो. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2017 मध्ये हे आकडे देऊन ते रुग्णांना सांगावेत, अशी शिफारस केली. झटके आटोक्यात ठेवले तर हा धोका घटतो, म्हणूनच तो सांगायचा. ज्या धोक्यावर रुग्णाच्या हातात उपाय आहे, तो लपवण्याला मी दया मानत नाही.

अडवणूक अनेकदा घरातूनच होते. 'मुलीसमोर बोलू नका, स्थळे बघतोय' असे म्हणणारे वडील मी नेहमी पाहतो. खरे तर हिंदू विवाह कायद्यातील, वधू-वरांना अपस्मार नसावा ही अट 1999 मध्येच काढून टाकली आहे. त्याच मुलीला व्हॅल्प्रोएट हे फिटवरचे औषध चालू असेल, तर गरोदरपणात बाळाला जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे दहात एक आणि बौद्धिक वाढीत अडथळ्याचा धोका दहात तीन ते चार असतो, हे तिला न सांगता लग्न लावून देणे मला अक्षम्य वाटते. अर्थात कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. त्यातून सलग झटके येऊन जीव जाऊ शकतो.

शिरोलीकर

दोघांचाही मनापासून आभारी आहे. भावाला पाळी बदलून मागायची झाल्यास कारखान्यात कोणता कागद द्यावा? आणि घरी फिट आली तर नेमके काय करावे? आई तर लगेच चप्पल हुंगवते.

एक मेंदूविकारतज्ज्ञ, राजारामपुरी

आपल्या डॉक्टरांकडून 'रात्रपाळी, उंचावरचे काम आणि भट्टीजवळचे काम टाळावे' असे लेटरहेडवर लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर मागितल्यावर देतात. फिट आल्यास त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर थेट रुग्णालय गाठा. झटका थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडॅझोलाम या औषधाचा फवारा घरी ठेवावा का, हे पुढच्या भेटीत विचारा. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका आणि विहिरीत उतरणे सध्या पूर्ण बंद ठेवा. चपलेने काहीही होत नाही, हे आईंना मात्र तुम्हीच समजावून सांगा.