युद्धाआधीची अमेरिका: कला की नुसती करमणूक?

निशाचर:
'पोलॉक-रॉथ्कोसारखे अमूर्त चित्रकार झाले ते दुसऱ्या महायुद्धात युरोपातून पळून आलेल्या चित्रकारांच्या पुण्याईवर. त्याआधी अमेरिकेत जाझचा गोंगाट आणि हॉलिवूड, बाकी ठणठणगोपाळ,' असं अवलिया यांनी परवा ठोकून दिलंय. वाचून डोकं फिरलं. पोलॉक, रॉथ्को, ली क्रॅस्नर तिघेही 1930 च्या दशकातल्या मंदीत फेडरल आर्ट प्रोजेक्ट या चित्रकारांना काम देणाऱ्या योजनेत सरकारी पगारावर होते. योजना 1935 ची. घरभाडं सुटलं म्हणून रंगवत बसता आलं. आणि काळा चित्रकार जेकब लॉरेन्स? दक्षिणेतून उत्तरेला निघालेल्या काळ्या कुटुंबांची 60 चित्रं त्याने 1941 मध्ये पुरी केली, वय तेवीस. सगळे बोर्ड एकदम मांडून आधी एक रंग सगळ्यांवर, मग दुसरा, म्हणजे छटा कुठे बदलायला नको. यात युरोप कुठे आला?

अवलिया:
रॉथ्को जन्माने रशियन साम्राज्यातला, हे सोयीने गाळलंत. आणि सरकारी पगाराची कला म्हणजे पोस्ट ऑफिसच्या भिंतीवर कणसं नि नांगर. आर्शिल गॉर्कीने नेवार्क विमानतळासाठी दहा भित्तिचित्रं केली, ती पुढे रंगाखाली गेली, हाती लागली दोन. हा तुमचा राजाश्रय! माझे वडील एका सरकारी खात्यात चित्रकार होते. जन्म गेला साहेबांच्या घरच्या लग्नपत्रिका रंगवण्यात. मला नका शिकवू.

तिरकिट:
चित्रांचं चालू द्या, पण 'जाझचा गोंगाट' कसा खपवून घेता? 16 जानेवारी 1938 ला गोरा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता, सोबत काळे वादक टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्पटन. गोरे-काळे एका मंचावर, तेही त्या काळात. माझे आजोबा म्हापशाचे, मुंबईत धोबी तलावला कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक खोल्यांत, राहायचे. चर्चच्या शाळेत नोटेशन पक्कं झालेलं, पण स्विंगची, म्हणजे त्या काळच्या नाचऱ्या जाझची, लचक कागदावर उतरत नाही. रेकॉर्ड परत परत लावून ती कानाने उचलली. 1935 ला लिऑन अ‍ॅबीचा काळा जाझ बँड मुंबईच्या ताज हॉटेलात आला, तेव्हापासून गोव्याच्या पोरांना वेडच लागलं. गोव्याच्याच चिक चॉकलेटचा ट्रम्पेट तुम्ही सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ऐकलाय, त्याला गोंगाट म्हणाल?

मोगरा:
गुडमनचं कौतुक पुरे. त्याच्या बँडच्या कितीतरी अरेंजमेंट, म्हणजे कुठलं वाद्य कधी काय वाजवणार याची बांधणी, काळ्या फ्लेचर हेंडरसनच्या, आणि 'स्विंगचा राजा' म्हणून मिरवला कोण? तीच गत हॉलिवूडची. काळी अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिएलला 'गॉन विथ द विंड'साठी 1940 मध्ये ऑस्कर मिळालं, पण समारंभात तिचं टेबल वेगळं, भिंतीकडेला. सिनेमाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर ती जाऊच शकली नाही. आधी हे बोला, मग सुवर्णकाळ म्हणा.

तिरकिट:
सुवर्णकाळ हा शब्द मी वापरलेला नाही. हेंडरसनचं श्रेय मान्य. पण गुडमननेच विल्सनला लोकांसमोर आपल्या शेजारी बसवलं, तेही लिहा की. आजोबांना एका हॉटेलात मागच्या दाराने आत घेत. कुणी पुढच्या दाराने नेलं तर ते जन्मभर लक्षात राहतं.

अवलिया:
जाझबद्दल शब्द मागे घेतो, तुमच्या आजोबांखातर. चित्रकलेबद्दल नाही. पोस्ट ऑफिसच्या नांगरांचं उत्तर अजून आलेलं नाही.

निशाचर:
घ्या उत्तर. पोस्ट ऑफिसची चित्रं फेडरल आर्ट प्रोजेक्टची नव्हेतच. ती ट्रेझरी खात्याच्या वेगळ्या विभागाची, स्पर्धा घेऊन दिलेली कामं. साहेबांना आवडेल तेच काढायचं दडपण तिथे जास्त होतं. वडिलांचा राग रास्त आहे, पण तो भलत्या योजनेवर काढू नका.