बालकाची केस अडकली, तर शिक्षा कुणाला?

वकील_मराठवाडा
पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यातली एक विसंगती मला रोज छळते. अत्याचार माहीत असूनही कळवला नाही, तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडपला, तर वर्षभरापर्यंत. माहिती मिळाल्यावर पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला (अशा मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं, हेही त्याच कायद्यात आहे, कलम 19(6). ते पाळलं नाही तर? कलम 21 मध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

एका प्रकरणात गुन्हा सोमवारी दाखल झाला आणि प्रपत्र-ब, म्हणजे पोलिसांचा प्राथमिक अहवाल, समितीच्या आवक नोंदवहीत शनिवारी चढलं. तोवर मुलगी आरोपीच्या शेजारच्याच घरात. ना सहाय्यक व्यक्ती (केसभर मुलीच्या सोबतीला नेमलेली), ना समुपदेशन. ज्या यंत्रणेकडे या कामाचा समन्वय, तिथल्या जबाबदार माणसावरही फौजदारी कलम हवं.

कक्षातली_कंत्राटी
साफ विरोध. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात आम्ही बहुतेक जण कंत्राटी, करार वाढेल की नाही ही धाकधूक कायम. सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत द्या, बालगृहांना भेटी द्या, वर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनचे फोन. ती हेल्पलाइनही 2023 मध्ये सरकारी यंत्रणेकडे आली. गाडी मागितली की ‘एसटीनं जा’. वकीलसाहेब, कलम आलं की ते वरच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही, कागदावर खालची सही ज्याची त्याच्याच मानेवर बसतं.

ग्रामसेवक_बीड
ताईंशी सहमत. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावात अधिकारी आम्हीच. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी लग्नांची घाई असते. मांडवात शिरून मुलीचा शाळेचा दाखला मागितला की पहिला प्रश्न, ‘भाऊसाहेब, गावात राहायचंय ना?’ लग्न थांबवलं आणि पोलीस वेळेत आले नाहीत, तर रात्री त्या मुलीला ठेवू कुठं? याचं उत्तर नसताना मलाच आरोपी करणार?

सोबतीण
भाऊसाहेब, अडचण खरी आहे. पण ती मुलीनं का सोसायची? समितीनं तातडीच्या मदतीची शिफारस केली की आठवड्यात पैसे मिळायला हवेत, असं पोक्सोचे 2020 चे नियम सांगतात. मी एका आईसोबत कार्यालयाच्या पायऱ्या चढले. प्रत्येक टेबलावर ‘फाइल पुढं गेलीय’. तिची मजुरी बुडाली, खेपा तिच्याच. कैद नको म्हणता, ठीक. मग पगारातून दंड कापा. काहीच नको, हे चालणार नाही.

वकील_मराठवाडा
कंत्राटी कर्मचाऱ्याला आत टाका असं मी म्हटलेलं नाही. 24 तासांचं कर्तव्य कायद्यानं पोलिसांवर टाकलंय, त्यामुळे जाब ठाणेदारानं द्यावा. समितीच्या कामाचा तिमाही आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायचा, हेही बाल न्याय कायद्यात आहेच. विलंब तिथं दिसायला नको?

कक्षातली_कंत्राटी
दिसत नाही, कारण आमच्याकडे आढाव्यात प्रलंबित केसेसच मोजतात. गुन्ह्याची तारीख आणि आवक तारीख शेजारीशेजारी कुणी मागत नाही. माहितीच्या अधिकारात नावं, पत्ते, शाळा वगळून फक्त या दोन तारखा मागा. मुलाची ओळख उघड होत नसल्यानं, ती जाहीर करायला मनाई करणारं बाल न्याय कायद्याचं कलम 74 आड येत नाही. अर्जाचा मसुदा मी करते, तुम्ही तपासा. फौजदारी कलमाला माझा विरोध मात्र कायम.