फ्लोरल टेप देठावर धरत नाही, उलगडून येते

प्रश्न (लातूर)
नमस्कार. वैशाखात धाकट्या बहिणीचे लग्न आहे आणि वरपक्षाच्या मंडळींच्या कोटावर लावायची 25 फुले मी घरीच बांधणार आहे. सरावासाठी गुलाबाच्या आणि निशिगंधाच्या देठांना हिरवी फ्लोरल टेप गुंडाळून पाहिली. परंतु ती धरतच नाही आणि थोड्या वेळात खालच्या टोकाकडून उलगडून येते. डिंक लावला, तर देठ काळपट पडला. टेप जुनी असेल, की माझ्याच हातून काही चुकते आहे? आणि आमच्याकडच्या उन्हात ही फुले गोरज मुहूर्तापर्यंत टिकतील का?

उत्तर (नांदेड)
ताई, डिंकाची मुळीच गरज नाही. ही टेप म्हणजे मेण चढवलेला चुण्यांचा कागद असतो. तो ताणला की चुण्या उलगडतात, आतले मेण मोकळे होते आणि त्यानंतरच थर थरावर बसतो. न ताणता गुंडाळलेली टेप नुसत्या कागदासारखी सुटते, आणि तुमच्याकडे तेच होत असावे, असे मला वाटते. 12 मिलिमीटर रुंदीची टेप घ्या. फुलाच्या अगदी खाली दोन वेढे एकावर एक द्या, मग टेप तिरकी धरून, तुटणार नाही इतपत ताणून, खाली उतरवत न्या. फिरवायचा तो देठ, टेप नव्हे. देठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वळत राहिला, की ताण आपोआप सारखा राहतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढू द्या आणि शेवटी टेप ताणूनच तोडून टोक चिमटीत दाबा. देठ मात्र आधी कोरडा पुसून घ्या, कारण ओल्या देठावर कितीही ताणले तरी पकड येत नाही.

उत्तर (परभणी)
वरील पद्धत योग्यच आहे, पण कोटावरच्या गुलाबाला आतून तार हवी, नाहीतर फूल मान टाकते. देठ 2 ते 3 सेंटिमीटर ठेवून, पाकळ्यांखालच्या फुगीर भागातून 24 गेजची (गेज हे तारेच्या जाडीचे माप; आकडा मोठा, तितकी तार बारीक) तार आरपार काढा, दोन्ही टोके खाली वळवा आणि मग टेप लावा. निशिगंधाच्या कळीला 28 गेजची बारीक तार पुरते.

उत्तर (बीड)
टिकण्याविषयी लिहितो. टेपमुळे कापलेल्या टोकातून ओल उडणे कमी होते, इतकेच. फुलाला पाणी त्यातून मिळत नाही. म्हणून फुले आदल्या रात्री लांब देठांसकट थंड खोलीत पाण्यात उभी ठेवा आणि बांधणी मुहूर्ताच्या दिवशीच करा. काही जण देठाला ओला कापूस बांधतात, ते मला पटत नाही. टेपमधून पाणी झिरपून कोटावर डाग पडतो. बांधलेली फुले ओलसर कापड अंथरलेल्या डब्यात झाकून ठेवा. टेपचे रीळही उन्हात राहू देऊ नका, मेण मऊ पडून थर एकमेकांत बसतात.

प्रश्नकर्ती (लातूर)
आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी टेप न ताणता देठाभोवती फिरवत होते. आज देठ पुसून, टेप ताणून निशिगंधाची एक काडी बांधली. ती दुपारपासून तशीच आहे. उद्या तार आणून गुलाब बांधून पाहते.