पीएचडीची ऑफर आली, पण फंडिंग नाही. मदत हवी आहे

पाणकळा
पीएचडीला प्रवेश मिळालाय. ऑफर लेटरमध्ये 'सेल्फ फंडेड' लिहिलंय. महिन्याभरात होय की नाही ते कळवायचं आहे. एवढे पैसे माझ्याकडे नाहीत, घरूनही मिळणार नाहीत. कुठे अर्ज करू? कृपया थेट नावं सांगा. 'गूगल कर' नको, रात्र रात्र तेच करतेय.

रानवारा
अभिनंदन! कोणता देश? कोणता विषय? पूर्णवेळ की अर्धवेळ?

एकतारी
नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनी असंच केलं. उगाच दहा ठिकाणी अर्ज करत बसू नका.

रानवारा
एकतारी, जेआरएफ भारतातल्या संस्थांसाठी असते. त्यांची ऑफर कुठली आहे तेच अजून कळलेलं नाही.

पाणकळा
परदेशातली आहे, अजून कुठली असणार! आणि विषयाचा काय संबंध? पैसे सगळ्यांनाच लागतात.

खडीसाखर
लागतात सगळ्यांना, मिळतात मात्र वेगवेगळ्या दारांतून. प्रयोगशाळेच्या विषयांत बऱ्याचदा गाईडच्या ग्रँटमधून विद्यार्थ्याचा पगार निघतो, म्हणून तिथे आधी गाईड गाठायचा. मानव्यशास्त्रात गाईडच्या हातात असा पैसा सहसा नसतो, तो विद्यापीठाकडे किंवा बाहेरच्या फाउंडेशनकडे असतो. देशाचंही तेच. अमेरिकेत टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवलं की फी माफ आणि वर स्टायपेंड. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वेत पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरी. ब्रिटनमध्ये प्रवेश एकीकडे, पैसा दुसरीकडे. म्हणून लोक विचारतायत.

पाणकळा
बरं. इतिहास. ब्रिटन. पूर्णवेळ, तीन वर्षं. बंदरांतल्या मजुरांवर काम करायचंय. गाईड उत्तम आहेत, त्यांनीच अर्ज कर म्हटलं होतं. आता सांगा.

सूरपारंबी
इंग्लंडमध्ये पीएचडीसाठी सरकारी लोन मिळतं. ते घ्या आणि सुरू करा. अशा संधी परत येत नाहीत.

खडीसाखर
ते लोन तिथे स्थायिक असलेल्यांसाठी आहे. स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्याला मिळत नाही. खात्री करून लिहा हो, समोरची व्यक्ती यावर निर्णय घेणार आहे.

सूरपारंबी
मग बँकेचं घ्या. मी मास्टर्सला घेतलं होतं, फेडलंही.

वाळवंटी
मास्टर्सचं कर्ज आणि पीएचडीचं कर्ज यांत फार फरक आहे. मास्टर्स एक-दोन वर्षांत संपतं आणि माणूस नोकरीला लागतो. पीएचडीत तीन-चार वर्षं कमाई जवळपास शून्य, तोवर व्याज चढत राहतं.

पाणकळा, मीही मानव्यशास्त्रातलाच, तिकडेच पीएचडी केली. जरा सविस्तर लिहितो.

ऑफर लेटर पुन्हा वाचा. फीचा आकडा एका वर्षाचा असेल आणि खाली बारीक अक्षरात 'दरवर्षी वाढ लागू' असं असेल. तीन वर्षांत प्रबंध संपला नाही (इतिहासात बऱ्याचदा संपत नाही) तर पुढच्या लेखनकाळाचीही काही फी असते. शिवाय अभिलेखागारांचे प्रवास. व्हिसासाठी पैसे खात्यात दाखवावे लागतात ते आणखी वेगळे. या सगळ्याची बेरीज करा, मग कर्जाचा विचार करा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आणि ती कुणी सांगत नाही. स्वतःच्या पैशाने पहिलं वर्ष काढू, मग फेलोशिप मिळेल, असं धरून जाऊ नका. बऱ्याच फेलोशिप फक्त नव्याने सुरू करणाऱ्यांना असतात. एकदा नोंदणी झाली की तुम्ही अपात्र. माझ्यासोबतची एक अत्यंत हुशार मुलगी याच कारणाने दुसऱ्या वर्षात सोडून गेली. आजही आठवलं की वाईट वाटतं.

तिसरं, तारखा. तिथलं सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, पण फंडिंगच्या मुदती बहुतेक आधीच्या डिसेंबर-जानेवारीत संपतात. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन स्कॉलरशिपला तर वेगळा अर्जही नसतो. त्या मुदतीत प्रवेशाचा अर्ज आला की आपोआप विचार होतो. केंब्रिजची गेट्स फेलोशिप ब्रिटिश नागरिक सोडून बाकी सगळ्या देशांच्या लोकांना खुली आहे. एएचआरसीचा (मानव्यशास्त्रातल्या संशोधनाला पैसा देणारी ब्रिटनची सरकारी संस्था) पैसाही परदेशी विद्यार्थ्यांना मिळू शकतो. २०२१ पासून यूकेआरआयने (एएचआरसीसारख्या संस्थांची वरची संस्था) एकूण जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंत परदेशी विद्यार्थी घ्यायला परवानगी दिलेली आहे. तुम्ही कधी अर्ज केला होता?

पाणकळा
मार्चमध्ये.

वाळवंटी
मग कारण तेच. तुमचा प्रस्ताव फंडिंगसाठी कमी पडला असं समजू नका, तो त्या स्पर्धेत उतरलाच नाही. गाईडना आजच मेल करा आणि तीनच प्रश्न विचारा. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? ढकलला तर पुढच्या फेरीच्या फंडिंगला मी पात्र राहते का, की नव्याने अर्ज लागेल? विभाग ज्यांची नावं पुढे पाठवतो त्यांची अंतर्गत निवड कोणत्या तारखेला होते? 'काही मदत होईल का' असं मोघम लिहू नका. त्याला सहानुभूतीचं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो.

निशिगंध_०४
ब्रिटन सोडा, जर्मनीला या. सरकारी विद्यापीठांत पीएचडीला साधारण फी नसते. जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३, ६५%' (सरकारी वेतनश्रेणी आणि पूर्ण नोकरीचा किती भाग) असं दिसलं की समजायचं, पगारी जागा आहे. डीएएडीची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) डॉक्टरल स्कॉलरशिपही आहे, मात्र शेवटच्या पदवीला सहसा सहा वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाहीत. मास्टर्स कधी झालं?

खडीसाखर
पण त्यांचा विषय, त्यांची गाईड, त्यांच्या संशोधनाची कागदपत्रं सगळी ब्रिटनमध्ये असतील तर? पगारी जागा बहुतेक आधीच ठरलेल्या प्रकल्पावर असते. तिथे तुम्ही त्यांचा प्रश्न सोडवता, स्वतःचा नाही.

निशिगंध_०४
स्वतःचा प्रश्न घेऊन कर्जात बुडण्यापेक्षा बरं. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, आरोग्यविमा असतो. हे छोटं नाही. मला पीएचडी पूर्ण करता आली ती त्यामुळेच.

रानवारा
दोघांचंही पटतंय. यात एक मधला रस्ता आहे, युरोपियन युनियनचं मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क. कोणत्याही देशाच्या नागरिकाला चालतं, नोकरीचा करार असतो, जागा युरॅक्सेस या संशोधन-नोकऱ्यांच्या वेबसाइटवर येतात. अट एवढीच की, ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. इतिहासाच्या जागा कमी असतात, पण स्थलांतर, श्रम, सागरी व्यापार अशा विषयांवर शोधा.

मेघमल्हार_
फ्रान्समधलं सिफ्र पहा. कंपनी तीन वर्षं नोकरीवर ठेवते आणि तुम्ही पीएचडी करता. डेन्मार्कमध्येही इंडस्ट्रियल पीएचडी आहे.

खडीसाखर
बंदरातल्या मजुरांच्या इतिहासाला कंपनी कुठून आणायची?

मेघमल्हार_
एखादं बंदर प्राधिकरण, एखादं संग्रहालय. विचारायला काय जातं?

गोकर्ण
अवांतर होईल, पण इतिहासात पीएचडी करून पुढे काय? प्राध्यापकीच्या जागा कुठेच नाहीत. हा प्रश्न आधी सोडवा.

वाळवंटी
त्यांनी तो विचारलेला नाही. मजुरांचा इतिहास लिहायला कुणी तयार असेल तर तिला पैसा कसा मिळेल ते बघूया. नोकरीच्या बाजारावर वेगळा धागा काढा, तिथे मी येईन.

गोकर्ण
वास्तव सांगणं म्हणजे विरोध नव्हे. दोन्ही बाजू कळायला हव्यात.

तांबडफुटी
मलाही याच धाग्यावर विचारायचं आहे. वय ४४, नोकरी चालू, अर्धवेळ पीएचडी करायची आहे. अर्धवेळला फेलोशिप असते का?

रानवारा
फार कमी. आधी तुमच्या संस्थेत विचारा. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांची फी माफ होते किंवा अभ्यासरजा मिळते. देश सांगा, मग अधिक लिहिता येईल.

पाणकळा
गाईडचं उत्तर आलं. एक वर्ष ढकलता येईल, पण फंडिंगसाठी नवा अर्ज लागेल. विभागाची अंतर्गत मुदत नोव्हेंबरची आहे. ती मला माहीतच नव्हती, कुठल्याही पानावर नीट दिलेली नाही. त्या प्रस्ताव वाचून द्यायला तयार आहेत. मास्टर्सला तीन वर्षं झाली. फील्डवर्कसाठी वेगळे पैसे मिळतात का?

वाळवंटी
छान झालं! फील्डवर्कचे पैसे साधारण नोंदणीनंतर मिळतात, उदा. वेनर-ग्रेन फाउंडेशनचे, पण ते मानववंशशास्त्राला. इतिहासासाठी तुमच्या विषयाच्या संघटनांचे लहान प्रवास-अनुदान असतात, गाईडना विचारा. आत्ता त्यात वेळ घालवू नका. नोव्हेंबर धरा. प्रवेशाला जो प्रस्ताव दिला होता तोच पाठवू नका. निवड समितीत तुमच्या विषयाबाहेरचे लोकही असतात, पहिल्या परिच्छेदातच त्यांना कळायला हवं की हे मजूर कोण आणि यांच्यावर आजवर काम का झालं नाही.

निशिगंध_०४
आणि तीन वर्षं म्हणजे डीएएडीला अजून वेळ आहे. दोन्हीकडे अर्ज करा.

पाणकळा
करते. पहिला परिच्छेद आज रात्री लिहून इथेच टाकते, इतिहासाबाहेरच्यांनी वाचून कुठे अडखळायला होतंय ते सांगा.