मदत हवी आहे: फ्रान्सच्या लॉत खोऱ्यात सायकलसाठी शांत रस्ते (५ दिवस, सप्टेंबर)

रिकामी_बाटली

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोघे जण निघतोय. एक पुण्याहून येणार, दुसरा आइंडहोव्हनला राहतो. पॅरिसहून रेल्वेने काओरला उतरायचं, पाच दिवस फिरायचं आणि जमलं तर दुसऱ्या स्टेशनवरून परतायचं. रोज ६० किमीपर्यंत, चढ ८०० मीटरच्या आत. रोड बाइक, २८ मिमी टायर, गियरचे दात पुढे ५०/३४, मागे ११-३०, प्रत्येकी ६ किलो सामान. तंबू नाही. लोआर नदीकाठचा मार्ग माहीत आहे, पण तिथली सपाटी आणि गर्दी नको.

१. काओरहून फिजाकला जायला लॉत नदीकाठचा डी ६६२ रस्ता बरा की सेले नदीकाठचा डी ४१?
२. रस्ता शांत आहे हे नकाशावरून कसं ओळखायचं? ॲपने काढलेला मार्ग दोन ठिकाणी चक्क मातीच्या वाटेवर जातोय.
३. पाणी आणि दुकानं?
४. एक जण शाकाहारी आहे (अंडं चालतं).

नकाशेवाला

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: डी ४१. काँदुशेजवळ सेले नदी लॉतला मिळते, तिथून हा रस्ता सेलेच्या काठाने काब्रे, मार्सियाक, ब्राँग करत वर जातो आणि शेवटी डी १३ ने फिजाकला पोचतो. साधारण ४५ किमी. अरुंद आहे, काही ठिकाणी कडा डोक्यावर आलेला आहे, पण फिजाकहून काओरला जाणारा माणूस इथून जात नाही, कारण शेजारच्या खोऱ्यात डी ६६२ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कनूवाल्यांच्या गाड्या असतात, सप्टेंबरमध्ये त्या ओसरतात.

शांत रस्ता शोधायची रीतही हीच. आधी वाहतूक कुठून जाते ते बघा, मग तिला समांतर जाणारा धाकटा रस्ता शोधा. दोन गावांमधला एकुलता एक रस्ता कितीही बारीक दिसला तरी दूधवाल्यापासून लाकडाच्या ट्रकपर्यंत सगळे त्यावरच असतात.

मिशलिनचा १:१,५०,००० चा कागदी नकाशा घ्या. त्यात लाल म्हणजे मुख्य, पिवळा म्हणजे मधला, पांढरा म्हणजे स्थानिक. तुम्हाला पांढरे हवेत. रस्त्याची कड तुटक रेषेची असेल तर डांबर नाही. रस्त्यावरचे बाण चढ दाखवतात आणि त्यांचं टोक चढाच्या दिशेला असतं: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन त्याच्या वर. दोन बाणांच्या रस्त्याने उतरायचं आणि बाण नसलेल्याने चढायचं, असा मार्ग आखला की अर्धं काम झालं.

‘डी’ म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, म्हणून तो लहानच असेल असं समजू नका. २००६ च्या सुमारास बरेच राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे गेले आणि त्यांना ‘डी’ क्रमांक मिळाले. काओर-सुयाक डी ८२० म्हणजे जुना एन २०. फिजाक-ग्रामा डी ८४० म्हणजे जुना एन १४०. त्यावर ट्रक असतात, तो फक्त ओलांडायचा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो, त्यामुळे वळणाच्या चिठ्ठीत क्रमांकाबरोबर पुढच्या गावाचं नावही लिहा.

ॲपचं म्हणाल तर ते ‘शेमाँ रुराल’सारखी ग्रामीण वाटसुद्धा रस्ता म्हणून धरतं. ओपनस्ट्रीटमॅपवर त्या तुकड्याच्या पृष्ठभागाची नोंद नसेल तर ॲप अंदाज बांधतं, आणि तो आशावादी असतो. शंका आली तिथे फ्रेंच भूगोल संस्थेच्या, म्हणजे आयजीएनच्या, संकेतस्थळावर १:२५,००० नकाशा आणि हवाई छायाचित्र एकावर एक ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मोकळा_गियर

वरच्याशी सहमत. आता यंत्राकडे.

११-३० कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) अपुरी आहे. खोऱ्यांच्या तळाशी चालेल, पण नदीकाठ सोडून वरच्या पठारावर जायला, ज्याला तिकडे ‘कोस’ म्हणतात, दीड-दोनशे मीटरचा चढ दोन-तीन किमीत येतो. ३४/३० वर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग साधारण साडेआठ किमी. १० टक्क्यांवर सामानासकट तो टिकत नाही, मग फेऱ्या ४५ वर येतात आणि गुडघे बोलू लागतात. ११-३४ लावा. आधी मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बघा: शिमानो १०५ आर ७००० चा आखूड पिंजरा ३० दातांपर्यंतच जातो, ३४ ला लांब पिंजरा लागतो. साखळीही नव्याने मोजून घ्या. जुन्या लांबीची साखळी पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रांवर ताणली गेली तर डिरेलर तुटतो.

टायर २८ चालतील. तिथल्या डांबरावर खडीचा थर असतो, खरखरीत. एकूण वजन ९० किलो धरून हवा पुढे ६५, मागे ७० पीएसआयच्या आसपास ठेवा. शंभरला फुगवून वेग वाढत नाही, फक्त मनगटं दुखतात.

‘ग्राव्हियों’ असा फलक दिसला की सावध व्हा. उन्हाळ्यात रस्त्यावर गरम डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं बरंचसं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. सुटी खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला आणि मधोमध साठते. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत मारा. सायकल कललेली असताना पुढचा ब्रेक अजिबात नको. गाडीच्या चाकोरीतून चाला. तापलेलं डांबर टायरला चिकटून खडी वर आणतं, म्हणून तो तुकडा संपला की थांबून टायर पुसा.

सुटे भाग: प्रत्येकी दोन ट्यूब, साखळीचा जोडदुवा, डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), ब्रेक पॅडची एक जोडी. हँगर आणि पॅड मॉडेलनुसार बदलतात, गावच्या दुकानात नेमके तेच नसतात. शिवाय सोमवारी सायकलची बरीच दुकानं बंद.

उजवीकडून_या

पुण्याहून येणाऱ्यासाठी खास. उजव्या बाजूने चालवायची सवय रहदारीत चटकन लागते, कारण समोर गाड्या असतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पाणी पिऊन पुन्हा निघताना. चाक आपोआप डावीकडे जातं आणि वळणावर समोरून गाडी येते. हँडलवर उजवीकडे रंगीत टेप लावा.

दुसरं म्हणजे ‘प्रिओरिते आ द्र्वात’. चौकात कुठलाच फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला हक्क. गावातली बारीक गल्ली असली तरी तिथून आजोबा न थांबता गाडी काढतात, आणि नियमाने ते बरोबर असतात. पांढऱ्या कडेचा पिवळा हिरा दिसला तर हक्क तुमचा. तोच हिरा काळ्या रेघेने खोडलेला असेल तर संपला. गोल चौकात मात्र आतल्याला आधी जाऊ द्यायचं.

कानात इयरफोन घालून चालवणं २०१५ पासून बेकायदा आहे, दंड १३५ युरो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारं जाकीट सक्तीचं. सप्टेंबरमध्ये नदीवर सकाळी धुकं धरतं, तेव्हा ते सामानात वरच ठेवा. हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नाही, तरी घाला.

शेपूखाऊ

पाण्याचं खोऱ्यात अडत नाही, कोसवर अडतं. चुनखडीचा दगड आहे, पाऊस थेट खाली मुरतो, वर ओढे-नाले जवळजवळ नाहीत. पठारावर चढण्याआधी प्रत्येकी दोन बाटल्या भरलेल्या हव्यात. गावात नळ सापडला नाही तर कब्रस्तानात बघा, फुलांना पाणी घालायला तिथे हमखास नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका.

दुकानं दुपारी साडेबाराला बंद होतात ती दोन-तीनपर्यंत. रविवारी दुपारनंतर काही नाही, सोमवारी अर्धं गाव बंद. रविवार-सोमवारचं खाणं शनिवारीच घ्या. फिजाकला शनिवारी सकाळी बाजार असतो, काओरला बुधवारी आणि शनिवारी.

शाकाहाराचं: नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर सॅलडमध्ये हॅमचे तुकडे येऊ शकतात. ‘नी व्यांद, नी जाँबों, नी प्वासों’ (मांस, हॅम, मासे काहीच नको) असं तिन्ही म्हणा. ‘सालाद केर्सिनवाझ’ मागवू नका, त्यात बदकाच्या पोटातले तुकडे असतात. रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं चीज सगळीकडे मिळतं, पावाबरोबर दोन घेतली की दुपार भागते. ऑम्लेट असतंच. रात्रीचं जेवण राहायच्या ठिकाणी मिळणार असेल तर शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच कळवा. ऐनवेळी सांगितलं तर उकडलेल्या घेवड्यावर रात्र काढावी लागेल.

रिकामी_बाटली

सगळ्यांचे आभार. ११-३४ मागवतोय. आता मार्ग असा धरलाय: काओर, सँ-सिर्क-लापोपी, सेलेकाठाने फिजाक, मग काजार्क, रोकामादूर, सुयाक. बरोबर वाटतोय का? आणि पेश-मेर्लची गुहा त्यात बसते का?

नकाशेवाला

बसते. पहिला दिवस काओर ते सँ-सिर्क, ३० किमीच्या आसपास. काओर ते वेर हा डी ६५३ चा तुकडा या मार्गातला सगळ्यात वाईट, तो सकाळी कामावर जाणाऱ्यांची वेळ टाळून करा. बुझिएसला अरुंद झुलता पूल ओलांडून डी ४० ने वर.

दुसऱ्या दिवशी काब्रेला थांबून गुहा. रोजची प्रवेशसंख्या मर्यादित आहे, वेळ आधी घ्या. आत १२ अंशांच्या आसपास असतं आणि जमीन ओली, क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून जाऊ नका. संध्याकाळपर्यंत फिजाक.

तिसऱ्या दिवशी काजार्कला मुक्काम करू नका. तिथे जेवून मधला कोस ओलांडा आणि मार्सियाकला उतरा. म्हणजे चौथ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात चढून कोस द ग्रामावरून रोकामादूर ४० ते ४५ किमीत येतं आणि डी ८४० लागत नाही. या पठारावर दुकानांची आशा ठेवू नका. सप्टेंबरच्या मध्याला शिकारीचा हंगाम सुरू होतो, ‘शास आँ कूर’ (शिकार सुरू आहे) फलक दिसला तर झाडीत शिरू नका. पाचवा दिवस लाकाव्हवरून सुयाक, २५ किमी.

मोकळा_गियर

रेल्वेचं राहिलं. काओर आणि सुयाक दोन्ही पॅरिस-तुलूज या जुन्या मार्गावर आहेत, गाडी ओस्तेरलित्झ स्टेशनवरून सुटते. तुमच्या गाडीला सुयाकला थांबा आहे का ते तिकिटाआधी बघा. नसेल तर स्थानिक गाडीने ब्रिव्हला जाऊन बदला. चाकं न काढलेल्या सायकलची जागा तिकिटाबरोबरच आरक्षित करावी लागते आणि प्रवाशांच्या जागांआधी ती संपते. संपली असेल तर चाकं काढून १३० × ९० सेंमीच्या पिशवीत घाला, मग ती सामान धरली जाते. पिशवीत डिरेलरची बाजू वर, आणि हँगर काढूनच ठेवा.