अनुभव धागा: घरातल्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, तेव्हा...

माझ्या लेकीला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. त्याआधी महिनाभर ती सारखी पाणी पीत होती, रात्री अंथरूण ओलं करत होती, फ्रॉक ढगळ व्हायला लागले होते. उन्हाळा आहे म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग एका रात्री उलट्या, पोटदुखी आणि धाप लागल्यासारखा श्वास. पहिल्या डॉक्टरांनी पोटाचं औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्यांनी बोट टोचून साखर बघितली, तर मीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय', म्हणजे मीटरला मोजता येणार नाही इतकी जास्त. पाच दिवस आयसीयूत काढले. मुलाची तहान आणि लघवी अशी अचानक वाढली तर त्याच दिवशी साखर तपासा, हे सगळ्यात आधी सांगते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी फार गोड दिलंस तिला." ते वाक्य मी वर्षभर उराशी घेऊन झोपले. शेवटी त्यांना डॉक्टरांकडेच नेलं. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, गोड खाण्याचा यात संबंध नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. आता भात त्याच मोजून वाढतात. त्यासाठी एक वाटी ठरलेली आहे, तिला घरात दुसरं कुणी हात लावत नाही.

औषधाचं डॉक्टर सांगतातच. मला तुमच्या घराचं ऐकायचं आहे. भावंडं, आजी-आजोबा, डबा, लग्नकार्यं, झोप... जे आठवेल ते लिहा.

एक बाबा, सोलापूर जिल्हा

आम्ही वस्तीवर राहतो. उन्हाळ्यात वीज जाते, फ्रीजचा भरवसा नाही. मोठ्या मडक्यात वाळू, तिच्यात छोटं मडकं, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. इन्सुलिनची चालू बाटली डबीत घालून त्यात ठेवतो.

एक चूक सांगतो, दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून. आमची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन. एकदा दुकानातून १०० च्या बाटलीसाठी असते ती सिरिंज दिली गेली, मीही बघितलं नाही. दहाच्या रेघेपर्यंत भरलं की पोराच्या अंगात चारच युनिट जायचे. तीन दिवस साखर उतरेना, आणि मी त्यालाच विचारत होतो, चोरून काय खाल्लंस? ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० चं केशरी. आता बायको, आई, थोरला, सगळे टोपण बघतात. पोराची माफी मागितली मी.

मोठी बहीण, वय १७, नाशिक

भाऊ आठ वर्षांचा आहे. तो कारण नसताना चिडला, घामाघूम झाला की मी आधी बोट टोचते. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. आईपेक्षा मला लवकर कळतं, असं आईच म्हणते.

पण त्याला झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आई-बाबा महिनाभर हॉस्पिटल आणि घर करत होते, मी काकूकडे. मलाही होईल का, हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. रात्री उठून पाणी प्यायले तरी भीती वाटायची. एकदा गुपचूप त्याच्या मीटरवर माझी साखर बघितली, ९२ आली, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मला नाही म्हणून बरं वाटलं, आणि त्याला आहे म्हणून त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. हे आईला मागच्या दिवाळीत सांगितलं. कृपा करून दुसऱ्या मुलाशीही बोला.

आई, ठाणे

शाळेचं थोडक्यात. वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि मावशी, तिघांना साखर कमी झाल्याची लक्षणं लिहून दिली. ग्लुकोजची पुडी दप्तरातही आणि वर्गाच्या कपाटातही. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवू दिलं आहे. शाळेकडे वेळेत लेखी अर्ज करा.

मी स्वतः, वय २४, पुणे

मला दहाव्या वर्षापासून आहे. पालकांसाठी लिहितोय. आठवीत मी वहीत खोटे आकडे लिहायचो. २८० आली की १४०. मार खायची भीती नव्हती, घरात कुणी आवाजही चढवत नसे. पण आकडा वाचताना आईचा चेहरा उतरायचा आणि ती त्या दिवशी नीट जेवायची नाही. मग तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी (एचबीए१सी) झाली, ती १०.२ टक्के, म्हणजे फार जास्त आली आणि सगळं उघडं पडलं.

बाबा दवाखान्यातून येताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, तर रोजचं "किती आली?" नाही. "काय झालं आज शाळेत?" असं विचारलं. नंतर कधीतरी मीच मीटर पुढे केला.

आता दंडावर सेन्सर आहे, आकडा आईच्या फोनवरही जातो. ती बघत असणार. पण रोज रात्री फोन येतो तो जेवणाचा आणि कामाचा. साखरेचं मी आपणहून सांगतो.